गाडीचे लाड

तुम्ही हसाल, पण मला आमच्या गाडीचा हेवा वाटायचा. दसऱ्याच्या सकाळी मुलुंडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझा नवरा निखिल प्रेशर वॉशरने तिला न्हाऊ घालत होता. आठ महिन्यांची लेक माझ्या कडेवर.

"दोन फूट लांबून मारायचं," त्याने मला समजावलं. "जवळून मारलं तर रंग उडतो गं."

मी भडकलेच. "एवढी काळजी? लेकीला एकदा तरी आंघोळ घातलीस का रे?"

"भीती वाटते गं. हातातून निसटली तर?"

घरी जाऊन मी लेक त्याच्या हातात दिली आणि कान देऊन बाथरूमबाहेर उभी राहिले. आतून खिदळण्याचा आवाज! माझ्या हातून आंघोळ करताना ही बया रोज भोकाड पसरते. आता कुणावर जळू, सांगा!