गुंगीचं औषध आणि दोन डाव्या बाह्या

नाही, पण मी म्हणतो, माणसाला गुंगीचं औषध देता तर आधी त्याच्या तोंडाला एखादी पट्टी लावायला काय होतं हो? हाताला सुई लावता, बोटाला चिमटा लावता, छातीला तारा चिकटवता, आणि जी जीभ मी नऊ वर्षं दातांच्या आत कोंडून ठेवली ती तेवढी मोकळी! तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस, तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे मला बोलायची सवयच नाही... हसू नका, खरंच नाही. आणि त्या दिवशी म्हणे मी पाऊण तास बोलत होतो. म्हणे! कारण माझ्यापुरतं विचाराल, तर मी झोपलो होतो.

झालं काय, माझं पोट दोन महिने कुरकुरत होतं. पोटाचे डॉक्टर म्हणाले, दुर्बीण घालून आतून बघू. म्हटलं बघा की, आणि आ केला. तर ते म्हणतात, तोंडातून नाही. आता याच्यापुढचं मी सांगत नाही, तुम्ही समजून घ्या. घाबरू नका म्हणाले, गुंगीचं औषध देणार आहोत.

ते देणाऱ्या डॉक्टरीणबाई वेगळ्या. वयानं माझ्या पुतणीएवढ्या, आणि आवाज असा की निम्मी गुंगी ऐकतानाच यावी. झोपेची गोळी घेता का, दारू घेता का, घोरता का, एवढी चौकशी तर माझं लग्न ठरवताना कुणी केली नव्हती! घोरण्याचं उत्तर बायकोनंच दिलं, तेही सविस्तर. मी वैतागून विचारलं, बाई, माझ्या घोरण्याशी तुमचा काय संबंध? तर त्या शांतपणे म्हणतात, "काका, हे औषध मेंदूला सावकाश करतं. मेंदू सावकाश झाला की श्वास सावकाश होतो, रक्तदाब खाली येतो. त्यात आधीच दारू किंवा झोपेची गोळी पोटात असली, तर एकावर एक चढतात आणि श्वास थांबायची वेळ येते. म्हणून विचारते." बोटाचा तो चिमटाही त्यासाठीच, रक्तात ऑक्सिजन किती आहे ते तो सारखा बघत असतो. मग मी आपला मुकाट्यानं बोट पुढे केलं.

पुढे म्हणाल्या, ही काही पूर्ण भूल नाही. हाक मारली की तुम्ही ओ द्याल, कूस बदला म्हटलं की बदलाल, फक्त नंतर काही आठवणार नाही. ओ देणार आणि आठवणार नाही? मला काही झेपेना. मग एकदम डोक्यात आलं, अरे, ही तर खालच्या दोऱ्याची रिकामी बॉबिन! मशीन चालू असतं, सुई वरखाली होत असते, कापड पुढे सरकत असतं, आणि शेवटी उचलून बघावं तर टाका एकसुद्धा पडलेला नाही! बाईंना सांगितलं तर त्या खूश. मग बायकोच्या हातात एक कागद दिला. चोवीस तास गाडी चालवायची नाही, मशीनवर बसायचं नाही, कशावर सही करायची नाही, महत्त्वाचा निर्णय घ्यायचा नाही. आता चोवीस तासांत मी कसला महत्त्वाचा निर्णय घेणार होतो, सांगा!

सकाळचे अकरा वाजले होते. सुईतून काहीतरी गार गार हातात चढलं. जीभ जड झाली. आणि खरं सांगू का, बरं वाटलं हो! कशाची म्हणून काळजी राहिली नाही. मी म्हटलं, बाई, मला अजून काही झालेलं नाही... आणि डोळे उघडले तर मी बाजूच्या खोलीत, तपासणी आटोपलेली, पोट ठणठणीत, आणि समोर बायको बसलेली. गालातल्या गालात हसत. माझ्या पोटात जो गोळा आला, तो दुर्बिणीत नक्कीच दिसला नव्हता. तेवढ्यात सिस्टर आल्या, रक्तदाब मोजला आणि जाता जाता म्हणाल्या, "काका, बाह्यांचं ऐकून फार वाईट वाटलं."

बाह्या! म्हणजे मी बाह्यांचं बोललो!

आता तुम्हाला सांगायलाच हवं, नाहीतरी सगळ्या दवाखान्याला कळलंच आहे. दुकान आमचं दोघा भावांचं. दादा कापायचा, मी शिवायचो. नऊ वर्षांपूर्वी एका वकिलाचा काळा कोट होता, दुसऱ्या दिवशी हवा होता, दादा बाहेर गेलेला, तेव्हा म्हटलं आपणच कापून टाकू. कापड दुहेरी घातलं की एक बाही डावी, एक उजवी आपोआप निघते. मी घाईत घातलं एकेरी, आणि दुसऱ्या वेळी नमुना पालथा करायला विसरलो. दोन्ही बाह्या डाव्या! आणि त्या शिवल्या कुणी? मीच! वकील कोर्टात साक्षीदाराकडे बोट दाखवायला गेला तर उजवा हात वळेचना. दुकानात येऊन असा तमाशा केला म्हणता! बघे जमले. कुणी कापला हा, म्हणून ओरडला. मी म्हटलं, कटिंग दादाकडे असतं. आता यात खोटं काय होतं, सांगा? कटिंग दादाकडेच असायचं! दादानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. कात्री उचलली आणि गेला. दोन गल्ल्या सोडून वेगळं दुकान टाकलं, आणि नऊ वर्षं आम्ही एकमेकांना पाहिलं की रस्ता बदलतो. शब्द मागे घ्यायला रोज सकाळी निघायचो हो मी, आणि रोज कोपऱ्यावरून परत यायचो. लाज वाटायची, दुसरं काय.

तर हे सगळं मी दुर्बीण आत असताना सांगितलं. वर म्हणे रडलो. वर म्हणे डॉक्टरांच्या कोटाची बाही चिमटीत धरून, ही बरोबर बसली आहे, असं प्रशस्तिपत्रक दिलं. मी? माझ्यापुरतं विचाराल, तर मी झोपलो होतो!

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. बाजूच्या खोलीत आणल्यावर मी बायकोला म्हटलं, दादाला फोन लाव. ती म्हणाली, नंबर कुठाय माझ्याकडे? तर मी तोंडपाठ म्हणून दाखवला. सगळे दहा आकडे! नऊ वर्षांत एकदाही न लावलेला नंबर. आणि फोनवर एकच वाक्य बोललो म्हणे, दादा, बाह्या मी कापल्या. मी बायकोला म्हटलं, अगं, लावायचा कशाला? ती कागदावर बोट ठेवून म्हणते, निर्णय तुम्ही घ्यायचा नाही असं लिहिलंय, मी घ्यायचा नाही असं कुठं लिहिलंय?

संध्याकाळी दादा दारात. केस पांढरे झालेत हो त्याचे. मला बघूनच भरून आलं. बसला, पाणी प्याला, बायकोनं दिलेला तो कागद चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचला आणि म्हणाला, "औषधाच्या गुंगीत बोललास ते मी धरत नाही. उद्या अकराला चोवीस तास होतात. दुकानात येतो. तेव्हा बोल." आणि गेला! म्हणजे बघा, आता औषध नाही, सुई नाही, तो गोड आवाज नाही, आणि मला जागेपणी बोलायचं होतं. नाही बोललो तर दादा गेला तो कायमचाच.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला हजर. काल दुर्बिणीला घाबरलो नाही तेवढा घाबरलो. दादा म्हणाला, थांब, तुझ्या वहिनीलाही ऐकू दे, नऊ वर्षं ती मला धांदरट म्हणतेय. फोन लावला, आवाज मोठा केला, टेबलावर ठेवला. मी डोळे मिटले आणि म्हटलं, वहिनी, त्या बाह्या मी कापल्या. दादाची काही चूक नाही. दादा तर त्या दिवशी दुकानात नव्हताच.

बोललो! काय हलकं वाटलं म्हणून सांगू! डोळे उघडले तर दादा पांढराफटक. आणि फोनमधून वहिनी, अगदी हळू आवाजात, "दुकानात नव्हते? मग कुठे होते?"

तेव्हा मला उमगलं, हा नऊ वर्षं गप्प का बसला ते. मागाहून त्यानंच कबूल केलं, स्वारी दुकानात जातो सांगून तळ्यावर गळ टाकून बसली होती! त्या दिवशी वहिनीचे आईवडील घरी यायचे होते, आणि त्यांना टाळायला दुकानात फार काम आहे म्हणून हा सटकला होता.

आता तीन दिवस झाले, दादा माझ्याच दुकानात आहे. घरी जायचं नावच काढत नाही. जुन्या जागी उभा राहून तो कापतो, मी शिवतो, आणि सुख म्हणतात ते दुसरं काय असतं मला माहीत नाही. काल मध्येच हळूच विचारतो, काय रे, त्या औषधानं मागचं सगळं विसरायला होतं का? तुझ्या वहिनीला नको, मलाच घ्यायचं होतं, म्हणजे कुठे होतो विचारलं तर आठवतच नाही म्हणता येईल. म्हटलं, नाही दादा, औषध दिल्यानंतरचं तेवढं जातं, मागचं सगळं शाबूत राहतं.

"मग काय उपयोग?" म्हणाला, आणि कापड दुहेरी घातलं.