भिंतीतला बल्ब

आमच्या आप्पांनी विजेचं बिल वाचवायला घराची भिंत फोडली होती, हे तुम्हाला कधी सांगितलं का?

आमच्या मुरुम गावाला नवी वीज आली तेव्हाची गोष्ट. घर दोन खोल्यांचं. आप्पांनी मधल्या भिंतीला वीतभर भोक पाडून त्यात एकच बल्ब लावला. अलीकडं आप्पांना पेपर वाचायला उजेड, पलीकडं अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, भाकरी थापायला.

मला मास्तरकी लागली तसा मी स्वयंपाकघराला वेगळा बल्ब आणला, जुना बाहेरच्या खोलीत टांगला आणि भोक विटांनी बुजवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर बाहेरच्या खोलीत अंधार. आप्पा आत चुलीच्या धुरात खोकत पेपर वाचत बसलेले.

"आप्पा, भाईर बसा की. दिवा हाय तिथं."

"दोन दिवे कशाला जाळायचे? बिल येतं."

अव्वा परातीतनं मान वर न करता म्हणाली, "बिलाचं न्हाय रे. बातमी वाचली की लगेच मला सांगायची आसती ह्यांना. बुजवलेल्या भिंतीतनं कशी सांगतील?"

आप्पांनी पेपर तोंडासमोर धरला.

सकाळी मी पहार घेऊन विटा काढायला लागलो. आप्पा मागं येऊन उभे राहिले.

"फोडतोयसच तर जरा मोठं पाड. बसल्या जागेवरनं तिचं तोंड दिसलं पायजे."

मग घसा खाकरून म्हणाले, "आन् तो दुसरा बल्ब काढून ठेव. बिल काय थोडं येतंय?"