आठ की बारा

बायको : बारा. मिस्त्री, तुम्ही बारा लिहा, यांच्याकडे बघू नका.

नवरा : आठ.

मिस्त्री : काकू, रायफल एक, नवी नळी एक. मागणी न्यायला कारखान्याची गाडी येईलच आता. दोघांनी मिळून एक आकडा द्या.

नवरा : मिळून? लग्न सोडून आम्ही मिळून काही केलेलं नाही.

मिस्त्री : मग पुन्हा सांगतो, नंतर माझ्या नावानं ओरडू नका. आठ म्हणजे नळीतल्या आट्यांचा पीळ घट्ट. आठ इंचांत गोळीची एक गिरकी. काकांची जड, लांब गोळी त्यावर सरळ जाते. बारा म्हणजे पीळ सैल. काकूंची हलकी गोळी त्यावर सुखात.

बायको : आणि माझी आठवर?

मिस्त्री : चालते. पण बारावर एका भोकात दुसरी बसते, तशी नाही बसणार.

नवरा : माझी बारावर?

मिस्त्री : डोलेल. सहाशे मीटरवर निशाण्याचा कागद गाठलाच, तर आडवी शिरेल. दारातून सोफा नेल्यासारखी. दहा करू का? मधला?

बायको : मधला म्हणजे दोघंही रडायला मोकळे.

नवरा : इतकी वर्षं आठच होती ना?

बायको : इतकी वर्षं तुमचीच पाळी होती. शंभर मीटरला मी दरवेळी केसभरानं दुसरी येते. यंदा नळी माझ्या गोळीची हवी.

नवरा : अगं, पण सहाशेला आपल्या क्लबात माझ्याशिवाय आहे कोण?

बायको : मागच्या रविवारी कोण होतं?

नवरा : जुनी नळी झिजली, त्याला मी काय करू?

बायको : झिजलेल्या नळीतून गोळ्या भरकटतात. तुमच्या बरोब्बर मध्यभागी होत्या. शेजारच्याच्या कागदावर.

मिस्त्री : सगळ्या?

बायको : तो बिचारा आभार मानून गेला.

नवरा : वारा होता.

बायको : वाऱ्यानं सगळ्यांना हाताला धरून शेजारी नेलं?

नवरा : त्या कागदांखालच्या नंबरांच्या पाट्याच गिचमिड लिहिल्यात.

बायको : सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

मिस्त्री : काकू, मी पिळाचंच विचारतोय. किती?

बायको : बारा.

नवरा : आठ.

मिस्त्री : तुम्ही भांडून घ्या. मी तोवर हातातलं काम उरकतो.

(लेथ सुरू होते. दोघांचे ओठ हलत राहतात, शब्द ऐकू येत नाहीत. मग फक्त नवऱ्याचे हलतात. लेथ थांबते.)

नवरा : बारा लिहा, मिस्त्री.

बायको : आठ.

मिस्त्री : मी लेथवर लोखंड फिरवत होतो, तुमची डोकी नाही.

बायको : पाट्यांवरचे आकडे दिसत नाहीत, हे मला कधी सांगणार होतात?

नवरा : तुला ऐकू आलं?

बायको : कान झाकून इतकी वर्षं तुमच्या शेजारी पडून रायफल हातात यायची वाट बघतेय. तुमचे ओठ वाचायला ऐकू कशाला यायला हवं?

नवरा : मला वाटलं, या आवाजात बोललं की सांगून झाल्यासारखंही होईल, आणि...

बायको : आणि न सांगितल्यासारखंही.

नवरा : काळा गोल दिसतो. गोल कुणाचा, ते दिसत नाही. सहाशे मीटर संपलं माझं. तू बारा घे. एकदाची पहिली ये.

बायको : गोल दिसतो ना? कुणाचा ते मी दुर्बिणीतून बघेन. मिस्त्री, आठ.

नवरा : पुन्हा दुसरी येशील.

बायको : सवय आहे.

मिस्त्री : गाडी आली. हे शेवटचं?

नवरा : थांबा हो. अगं, कान झाकल्यावर मला कळणार कसं? नेम सोडून तुझ्या तोंडाकडे बघत बसू?

बायको : पायाला पाय लावेन. म्हणजे कागद आपला.

नवरा : आणि शेजारच्याचा असला तर?

बायको : चिमटा.

मिस्त्री : आठ लिहिलं.

नवरा : जरा हळू काढ.