अर्धपोटी पट्टे

बरोबर आहे म्हणता? म्हणजे अगदी काट्यावर बरोबर — की आपलं उन्नीस-बीस? नाही, राग मानू नका मॅडम, तुम्ही दोन तास त्या हार्वेस्टरच्या पोटात डोकं घालून बसलात, जुनं धान्य ओतून तीनदा तोलून दाखवलंत, मी काय बोलणार. पण परत एकदा बघता का? दाणे जिथे आपटतात ती पट्टी — तीच ना वजन सांगते — ती झिजली असेल, वाकली असेल. तीन हंगाम मार खातेय बिचारी, माणूससुद्धा तेवढ्यात वाकतो. नाही? बरं. बसा मग. तो पत्र्याचा डबा जरा सरकवा — नको, असू द्या, तो बाबांचा आहे, जागेवरून हलला की दिवसभर शोधत बसतात. ही खुर्ची घ्या.

तुम्ही मनात म्हणत असाल, यंत्र चांगलं निघालं तर माणूस खूश होतो, ह्याचं तोंड का उतरलं. सांगतो. ही खिडकी — ह्या रंगवलेल्या काठ्या दिसतात ना, गव्हात? सहा पट्टे आहेत. तीन पट्ट्यांना नेहमीचं खत, तीन पट्ट्यांना निम्मं, एकाआड एक. भरपोटी आणि अर्धपोटी — ही नावं आमच्या धाकटीने ठेवली, माझ्या बहिणीने, तिचं रान कालव्यापलीकडे आहे. ट्रॅक्टर उपग्रहाकडे बघून चालतो, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही, आणि पट्टा बदलला की खताचं यंत्र आपोआप हात आखडतं. कापणीला हा हार्वेस्टर पावलापावलाचं वजन टिपतो, नकाशा काढतो. जन्मभर दुसऱ्याने सांगायचं आणि आपण मान डोलवायची — त्यापेक्षा आपल्या मातीला आपणच विचारू, म्हणून आम्ही आठ घरांनी हे सुरू केलं. प्रयोग माझ्या रानात, कारण यंत्रांचा नाद मलाच. आणि पहिल्याच वर्षी निकाल काय यावा? अर्धपोटी पट्टे भरपोट्यांच्या बरोबरीने उतरले. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. म्हणजे निम्मं खत आपण उगाच मातीत घालतोय, असाच अर्थ ना? दुसऱ्या वर्षीच्या बैठकीत मी नकाशा भिंतीवर दाखवला — सगळा हिरवागार, एक पट्टा ओळखू येईना — तर लोकांनी टाळ्या वाजवल्या हो. माझ्यासाठी शाळेतही कधी कुणी वाजवल्या नव्हत्या.

बाकीची सहा घरं शहाणी, म्हणाली पुढच्या हंगामापासून बघू. धाकटी थांबली नाही. भावाने तीन वर्षं मोजलंय, आता कशाची वाट बघायची, म्हणाली, आणि अख्खं रान अर्धपोटी ठेवलं. तिचा गहू खालून पिवळा पडत वर आलाय. ओंब्याही बाहेर पडल्या, ह्या एवढ्याशा — आता पोतंच्या पोतं ओतलं तरी उपयोग नाही. काल फोनवर म्हणाली, दादा, यंत्र तरी एकदा तपासून घे. रागावली नाही. रागावली असती तर मला बोलायला तोंड तरी राहिलं असतं.

काय म्हणालात? हो, ह्या खिडकीतूनही दिसतंय. माझेही तीन पट्टे पिवळे आहेत — यंदा पहिल्यांदाच. दिसणारच, तुमची नजर मोजणाऱ्याची. यंदा पहिल्यांदा का — त्याचं असं आहे, आमच्या बाबांना हल्ली काही आठवत नाही. मला मास्तर म्हणतात. काय मास्तर, जेवलात का, असं विचारतात, मीही जेवलो म्हणतो. हाताला लागेल ते तोंडात घालतात, म्हणून पेरणीपासून खताच्या खोलीला मी कुलूप लावलं. भटकतात, म्हणून कोटाच्या खिशात ट्रॅकर ठेवला, बकऱ्यांच्या गळ्यात बांधतात तसला. आता हे बघा — मोबाईल नीट धरा — ही निळी रेघ म्हणजे बाबा. मी आंघोळीला गेलो की निघतात. कुठे जातात बघा. पहिल्या अर्धपोटी पट्ट्यात, वर-खाली, वर-खाली. मग मधला भरपोटी सोडून दुसऱ्यात. मग तिसऱ्यात. एक पाऊल चुकलेलं नाही, आणि ह्यांना उपग्रह नाही की काही नाही. पोराचं नाव विसरले, पट्टे नाही विसरले.

परवा मागोमाग गेलो. काखेत हा डबा, मूठ भरायची, फेकायची, दोन पावलं, मूठ भरायची, फेकायची. डबा रिकामा होता. खोलीला कुलूप ना. रिकाम्याच मुठी फेकत चालले होते आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होते, लहान मुलाला भरवताना पुटपुटतात तसं. मी आडवा गेलो, विचारलं, बाबा, हे कधीपासून? तर म्हणाले, मास्तर, ह्या घरातला मुलगा तसा वाईट नाही, पण पीक उपाशी ठेवतो आणि बघत बसतो. मी विचारलं, किती टाकत होतात? दर वर्षी किती? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच भ्रमिष्ट. म्हणाले, "त्याला पुरेल एवढं."

पुरेल एवढं. आता सांगा, हे तक्त्यात कुठल्या रकान्यात बसवू? ग्रॅमपर्यंत मोजणारी यंत्रं आणली, तीन वर्षं खपलो, आणि सगळ्या प्रयोगाचा आकडा एका म्हाताऱ्याच्या मुठीत होता. मूठ आहे, आकडा पुसला गेला.

म्हणून म्हणतो मॅडम — एवढंच करा. तुमच्या त्या कागदावर लिहा, सेन्सरमध्ये दोष आढळला. एक ओळ. यंत्राला काय, यंत्राची कुठे अब्रू जाते. नाहीतर धाकटी म्हणणार बाबांनी माझं रान बुडवलं, आणि ज्या माणसाला आपण काय केलं हेच ठाऊक नाही, त्याच्यावर तो बोल कसा यायचा? बाबांसाठी म्हणतोय मी. माझं काय आहे त्यात? मला तर ह्यातलं काही ठाऊकच नव्हतं —

असं का बघता?

हां. पोती. शेवटी तुम्ही ते विचारणारच होतात. इतकं खत हाताने टाकायचं म्हणजे हंगामाला दोन पोती लागतात, आणि दोन पोती कमी भरली तर घरधन्याला कळतंच. कळलं होतं. पहिल्याच वर्षी कळलं. मी म्हटलं मोजताना चूक झाली असेल. ओल्या मातीत बुटांचे ठसेही होते, डावा पाय जरा ओढलेला — डावा पाय ओढणारा आमच्या घरात एकच माणूस. मी त्यावरून नांगराची — नाही, नुसता पाय फिरवला. पायानेच पुसले. तेव्हा त्यांना सगळं आठवत होतं हो. समोर बसवून विचारलं असतं तर पोतं न् पोतं सांगितलं असतं. पण मग तो हिरवा नकाशा गेला असता. म्हटलं पुढच्या वर्षी विचारू. पुढच्या वर्षी टाळ्या वाजल्या. त्याच्या पुढच्या वर्षी मी मास्तर झालो.

गेल्या आठवड्यात धाकटी त्यांना तिच्या रानावर घेऊन गेली होती, जरा पाय मोकळे करायला. मीही होतो मागे. बांधावर उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले, आणि तिला विचारलं, "ह्याला कुणी उपाशी ठेवलं गं?" ती हसली, डोळे पुसले, म्हणाली काही नाही बाबा, प्रयोग आहे. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. संशय असता तर बघितलं असतं ना?

नाही लिहिणार? बरोबर आहे तुमचं. तुम्ही दाण्याला दाणा म्हणणारी माणसं, मीही स्वतःला त्यातलाच समजत होतो. द्या तो कागद. इथे? 'यंत्र ठीक आहे' — ह्याच्या खाली ना? पेन चालत नाही हो — चाललं. घ्या.

मोटारसायकलचा आवाज येतोय. तीच असणार, कालव्याच्या पुलावरून तिची गाडी अशीच खडखडते. तुमची पिशवी राहिली, घ्या. आणि जाताना फाटकात ती तुम्हाला विचारेल — यंत्राचं काय झालं. खरं तेच सांगा. पुढचं मी... निघा तुम्ही आता. डबा ओलांडून जा, हलवू नका.