एका दिवसाची लिली आन् शिवम्माकाकूंची परडी

...न्हाई, पण चोरी म्हणायचं न्हाई! म्हणे, देवाच्या फुलाला चोरी नसती! अहो, कुंडी माझी, पाणी माझं, आन् फूल शेजारच्या शिवम्माकाकूंच्या महादेवाचं?

तुम्हाला सांगतो, ही डे-लिली. सकाळी उमलती, संध्याकाळी मिटती, आन् आपल्या नांदेडच्या उन्हात तर दुपारीच मान टाकती. एका दिवसाचं फूल, हो! साडूनं उटीहून कंद आणला, किती उन्हाळे त्याला लेकरासारखं सावलीला घेऊन फिरलो, तवा कुठं यंदा एक दांडा आला! आन् इकडं आमच्या फोटो मंडळाचं प्रदर्शन. मी गावभर सांगून बसलेलो, लिलीचा क्लोज-अप येऊन राहिलाय, परागाचा कण न् कण दिसंल! रिकामी फ्रेम बी करून आणली!

पहिलं फूल आलं. लेन्स पुसून जातो तर... दांडा बोडका! आमची बायको उज्वला चहा गाळता गाळता म्हणती, "काकू फुलं न्यायला आल्या होत्या." म्हणलं, आन् तू बघत बसलीस? "मग काय हात धरू त्यांचा? देवाचं काम!" पुढच्या फुलावर मी बादली पालथी घातली, तर काकूंनी बादली उचलून फूल नेलं, आन् वर मलाच, "अण्णाराव, बादली कुणी घातली वो? फूल गुदमरलं असतं की!"

उरली शेवटची कळी. पहाटंच कुंडीपाशी खुर्ची टाकली. उमलली हो! केशरी पाकळी, आत पिवळी धमक, वर मी पिचकारीनं मारलेला थेंब... श्वास रोखला... वारा आला! थांबलो. परत रोखला... मुंगी! तिची वरात जाऊ दिली. आता दाबणार... बॅटरी संपली! आत पळालो, दुसरी घालून आलो... दांडा बोडका! एका दिवसाचं फूल, हो, त्याला अर्धा तास बी मिळू नये?

तसाच काकूंच्या देवघरात घुसलो. लिली पिंडीवर! हात पुढं केला तर काकू कडाडल्या, "आंघोळ केली का?" माझ्याच फुलाला हात लावायला मला आंघोळ! म्हणलं, लावत न्हाई हात, फोटो तर काढू द्या! पालथा पडलो, नाक फरशीला, आन् काढला. पराग, थेंब, पाकळीवर भस्माचा एक कण... तुम्हाला खरं सांगतो, आयुष्यात असला फोटो निघाला नव्हता. डोळे भरून आले.

काकूंनी बघितला. "फूल साफ आन् माझा महादेव धूसर? असलं कसलं मशीन हाय वो?"

तरी प्रदर्शनाला सगळ्या गल्लीला घेऊन आल्या! फ्रेमपुढं चपला काढल्या, काचेला ओलं गंध लावलं आन् त्यावर कण्हेरीचं फूल चिकटवलं. कुठं? बरोबर लिलीवर! लिली झाकली, राहिला मागचा धूसर महादेव. आन् ती कण्हेर कुठली? माझ्याच दारची!

तेवढ्यात परीक्षक आले. चपलांचा ढीग बघितला, त्यांनी बी बूट काढले, डोळे मिटले, हात जोडले आन् पुढच्या फोटोकडं निघून गेले.

आता... जोडले मी बी. काय करता?