कुठला ग्यास?

...न्हाय न्हाय, हसू नका! आख्खं कळस गाव आमच्या मोहनरावांना हसतंय, पर तुमाला सांगतो, चूक मोहनरावांची न्हायच, चूक त्या शब्दाची! एका शब्दाला मानसानं कामं तरी किती लावायची? वरातीत डोक्यावर मिरवतो त्यो बत्तीचा ग्यास, हरभऱ्याची डाळ जरा जास्त झाली की पोटात फिरतो त्योबी ग्यास, आन् मोहनरावांनी बारामतीच्या प्रदर्शनात बघून गोठ्यामागं शेणाची टाकी बांधली, तिच्यातनं नळीनं सैपाकघरात आला त्योबी ग्यासच! आता ह्यात मोहनरावांचं काय चुकलं, तुमीच सांगा!

तर झालं काय, लेकीचं लगीन आलं तोंडावर. मोहनरावांची मंडळी, म्हंजी आमच्या फुलाबाई, म्हनल्या, "चुलीचा धूर गेला, ब्येस झालं, पर ह्या सैपाकघरात भर दुपारी सोताचा हात दिसंना! पावनं यायच्या आत भितीत खिडकी पाडा." पाडा तर पाडा! झुंबर गवंडी आला. अंधार म्हनून त्याच्या डोक्यावर बत्ती टांगली. आन् टाकी बांधनाऱ्या सायबानं बजावलं व्हतं ना, नळी भितीतनं गेलीया, आधी टाकीवरची चावी बंद, मग पहार... म्हनून मोहनरावांनी झुंबरला घसा फोडून सांगितलं, "भिंत फोडायच्या आधी ग्यास बंद कर, बाबा!"

"व्हय आबा!"

आन् केला की बंद! बत्तीचा! मनात म्हनला आसंल, आबांना राकेलाची लई काळजी... मग काय, काळाकुट्ट अंधार, हानली पहार अंदाजानं, आन् नळी सुसायला लागली... सूऽऽस! घर, गोठा, लेकीचं लगीन, समदं एका काडीवर आलं हो! मोहनराव बोंबललं, "आरं ग्यास सुटला, ग्यास!"

आतनं त्यांची आत्या, ठमाबाई, "सुटला न्हवं? मग बरं वाटंल. वर चिमटीभर ओवा खा!"

"आत्या, पोटातला न्हवं, भितीतला!"

"भितीला कशाचा आलाय रं ग्यास?"

तेवढ्यात मांडवातनं धाकटा भाऊ जोतीराम पळत आला. 'ग्यास, ग्यास' अशी बोंब त्यानं ऐकलेली, म्हनून दुसरी बत्ती पेटवून, पंप मारून, फुरफुरती घिऊन आला! कामाला लई तत्पर, नको तवाच!

"ग्यास भाईर ने, जोत्या!"

"दादा, नळीतला ग्यास कुठनं जातोय त्ये बघाया ग्यास नको व्हय?"

आता ह्यात मोहनरावांचं काय चुकलं, तुमीच सांगा! त्यांनी दुसरा शब्द हुडकला, घावला न्हाय, म्हनून भाऊच धरला, वढत अंगनात नेला, आन् बत्तीसकट बैलांच्या पान्याच्या डोणीत ढकलला! पान्यात बुडबुडं, बत्तीची काच गेली, आन् जोतीराम डोणीत बसून इचारतोय, "दादा, झाला का बंद?"

"कुठला?"

तवर फुलाबाईंनी काय केलं ठावं हाय? सारवायला कालवलेलं शेन घेतलं मूठभर, अंधारात आवाजाच्या रोखानं गेल्या, आन् थापलं नळीवर, गवरी थापावी तसं! नळी गप्प! मग मागं जाऊन टाकीची चावी फिरवली. जे टाकीत घातलं त्येनंच त्वांड बंद केलं. बाई आमची लई हुशार हाय, खरंच सांगतो.

नळी सांधली, खिडकी झाली, लगीन झोकात झालं. आन् त्या दिसापासनं फुलाबाईंनी घराला कायदा घातला, ग्यास म्हनलं की कुनी इचार करत बसायचं न्हाय. दारं उघडायची, दिवा इझवायचा, चावी फिरवायची आन् अंगनात पळायचं!

कायदा चांगलाच हाय हो. पर परवा मोहनरावांनी पिठलं जरा जास्त खाल्लं, पोट धरून म्हनलं, "अगं, ग्यास झालाय वाटतं..."

घरातलं चिटपाखरू ऱ्हायलं न्हाय! आत्यासुद्धा काठी टाकून पळाली! आन् आमचं मोहनराव, अंधारात, एकटंच, ओव्याचा डबा चाचपत बसलं!