बाहेरची दोन फूट जाळी

नाव: ओळखपत्रावर आहे ते नोंदवहीत घेतले आहे. कामावर सगळे भिंगरी म्हणतात. वय: तेवीस. धंदा: सुतारकाम व वेल्डिंग, ठेकेदाराच्या हाताखाली. शिक्षण: सहावी, तीही अर्धी. राहणार: ठेकेदाराच्या गोदामामागची खोली, चौघांत एक. मूळ गाव इथून दोन दिवसांच्या प्रवासावर.

मी ठाण्यात समक्ष बसून, विचारल्यावरून सांगतो की, माझ्याविरुद्ध टेकाडावरच्या बंगल्याच्या मालकांनी आज सोमवारी सकाळी तक्रार दिली आहे. मी त्यांचे तीन ससे रागापोटी मारले व चोरले, असे तीत आहे. मला ती वाचून दाखवली. तीत एक गोष्ट खरी आहे. मी एक ससा उचलून नेला. बाकी सगळे खोटे आहे.

सदर बंगल्याच्या मागच्या हिरवळीवर सशांचा पिंजरा आहे, तो मी केला. त्याला महिना झाला. चार दिवस लागले. ससे मालकांच्या नातीचे, वय नऊ. दोन पांढरे आणि एक तपकिरी. तपकिरीचा एक कान कायम पडलेला. पिंजऱ्याला वर पायांवर लाकडी पेटी, तीत ससे निजतात. पेटीतून उतरायला उतरती फळी, आणि खाली गवतावर फिरायला सहा फुटांचा जाळीचा आडोसा. पेटीच्या तोंडाला वरून खाली पाडायची झडप आहे. अंधार पडायच्या आत ससे पेटीत घालून झडप पाडायची. ते मी नातीला तीनदा करून दाखवले. चौथ्यांदा तिने मला दाखवले.

मालकांनी स्वतः जाळीचे भेंडोळे आणून ठेवले होते. ती कोंबडीजाळी होती. मी ती लावणार नाही म्हणालो. कोंबडीजाळीने कोंबडी आत राहते, बाहेरचा बाहेर राहत नाही. दात लावला की तार उसवते. बंगल्यामागे ओढा आहे आणि ओढ्यात कोल्हे आहेत, हे तिथल्या वॉचमनलाही माहीत आहे. ठेकेदार मला म्हणाला, गिऱ्हाईक सांगेल ते लावायचं, तू काय सशांचा वकील आहेस का. मी गोदामातली अर्ध्या इंचाची वेल्डजाळी लावली.

तीच जाळी मी आडोशाच्या चारी बाजूंनी बाहेर दोन फूट जमिनीवर आडवी पसरली आणि वाकड्या हुकांनी ठोकली. आठवड्यात गवत तिच्यातून वर येते, मग ती दिसतही नाही. हे कशासाठी, असे हवालदारसाहेबांनी विचारले. कोल्हा नेहमी जाळीच्या भिंतीला नाक लावून तिथेच उकरतो. नखाखाली तार आली की बाजूला सरकून पुन्हा भिंतीलाच उकरतो. दोन फूट मागे सरून उकरायची अक्कल त्याला नसते. पिंजऱ्याची सगळी राखण त्या दोन फुटांत आहे. बाकी नुसती शोभा.

हे तुला कोणी शिकवले, असे विचारले. घरी धाकट्या बहिणीचे दोन ससे होते. पिंजरा मी केला होता, कोंबडीजाळीचा. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. याहून जास्त त्या बाबतीत सांगायचे नाही.

परवा शनिवारी दुपारी बारा वाजता मी त्याच बंगल्यावर फाटकाची बिजागरी बसवायला गेलो. काम झाल्यावर पिंजरा पाहायला मागे गेलो. बाहेरची दोन फूट जाळी चारी बाजूंनी पकडीने कापून काढलेली होती. कडेला तारांची टोके तेवढी राहिली होती. कापलेली जाळी माळीकाकांनी कचऱ्याच्या खतावर झाकण म्हणून टाकली होती.

मी माळीकाकांना विचारले. त्यांनी सांगितले की रविवारी पाहुणे येणार आहेत, गवत एकसारखे कापायचे होते, मशीनचे पाते जाळीत अडकत होते, मालक म्हणाले काढून टाका. मी म्हणालो, काका, तुम्हाला मी सांगितलं होतं ना? ते म्हणाले, "सांगितलं होतंस. पण पगार तू देतोस का?" मला राग आला, तो गिळला. ते माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत.

मग मी मालकांकडे गेलो. ते व्हरांड्यात खुर्च्या मोजून घेत होते. मी चपला बाहेर काढल्या, आवाज चढवला नाही. जाळी परत ठोकायला मला अर्धा तास पुरे, आत्ता ठोकतो, असे सांगितले. ते म्हणाले, "जाळी आत आहे ना? बाहेर कोणाला कोंडायचंय?" तिथे बसलेले दोघेतिघे हसले. मी म्हणालो, "साहेब, कोल्हा बेल वाजवून येत नाही." त्यावर त्यांनी वॉचमनला हाक मारली आणि याला फाटकाबाहेर काढ, पुन्हा आत सोडू नको, असे सांगितले. वॉचमनने माझी कॉलर धरली.

फाटकात मी मोठ्याने म्हणालो की, मरतील तुमचे ससे, मग बसा. हे तक्रारीत धमकी म्हणून लिहिले आहे. हे मी बोललो. चार माणसांसमोर बोललो, नाकारत नाही. पण पूल पडणार म्हणून जो ओरडतो, तो पूल पाडत नसतो. एवढे तरी समजून घ्यावे.

रविवारी पाहुणे होते म्हणून मी गेलो नाही. आज सोमवारी सकाळी सव्वासहा वाजता, मालक उठायच्या आत जाळी ठोकून निघून येऊ, या इराद्याने गेलो. जवळ पक्कड, हातोडी आणि गोदामातले चाळीस हुक होते. वॉचमन आत सोडणार नाही म्हणून ओढ्याच्या बाजूने कुंपणावरून उतरलो. हा माझा गुन्हा असेल तर लिहून घ्यावा.

आडोशाच्या मागच्या बाजूला, भिंतीला लागून, वीतभर रुंद भोक उकरलेले होते. माती बाहेरच्या गवतावर फेकली गेली होती. पांढरे केस भोकापासून कुंपणापर्यंत होते आणि पुढे ओढ्याच्या उतारावर. एक पांढरा ससा गेला होता. तपकिरी ससा पेटीत आडवा पडला होता. अंगावर जखम नाही, रक्त नाही. पांढऱ्यांपैकी दुसरा पेटीच्या कोपऱ्यात लाकडाला चिकटून बसला होता. त्याच्या बरगड्या इतक्या जोरात हलत होत्या की मला वाटले हाताखालीच जाईल.

जखम नाही म्हणून तपकिरी ससा मीच गळा दाबून मारला, असा मालकांचा आरोप आहे. जनावरांच्या डॉक्टरांकडे मी आठ वाजता जिवंत ससा घेऊन गेलो. त्यांनी सांगितले की ससा नुसत्या भीतीनेही मरतो, त्याला हात लावायची गरज पडत नाही. त्यांना विचारावे. मेलेला ससा मी जिथे होता तिथेच ठेवला. तो डॉक्टरांना दाखवण्याऐवजी मालकांनी नऊ वाजता पुरून टाकला, असे कळते. तेही त्यांना विचारावे.

पेटीची झडप वर होती का, असे विचारले. वर होती. ती पाडायची कोणाकडून राहिली, असे विचारले. मला माहीत नाही. पुन्हा विचारले. मला माहीत नाही. घरात पाहुणे होते, मोठमोठी माणसे होती, कोणाचेही लक्ष राहिले नसेल. बाहेरची जाळी असती तर झडप उघडी राहूनही काही बिघडले नसते. हे ठळक लिहावे आणि त्या घरात वाचून दाखवावे.

जिवंत ससा मी शर्टात घालून आणला. तसाच ठेवला असता तर माणसे जमली असती, आरडाओरड झाली असती आणि तोही गेला असता. तो गोदामात फळ्यांच्या खोक्यात आहे, वर लोखंडी जाळी आणि जाळीवर गोणपाट आहे. डॉक्टर म्हणाले, आज त्याने तोंड हलवले तर वाचला. मला अकरा वाजता इथे आणले तोपर्यंत त्याने काही खाल्ले नव्हते. त्यानंतरचे माहीत नाही. तीनदा विचारले, कोणी सांगितले नाही.

माळीकाकांनी जबाबात बाहेरची जाळी कधी नव्हतीच असे सांगितले आहे. दुपारी बाहेरच्या बाकावर ते माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "पोरा, मला अजून दोन वर्षं तिथं काढायची आहेत. तू काय, आज इथं, उद्या तिथं." कडेला तारांची कापलेली टोके अजून आहेत आणि जाळी खतावर आहे. जाऊन पाहावे. तार खोटे बोलत नाही.

अडीच वाजता ठेकेदार आला. त्याने मालकांचा निरोप सांगितला की, पिंजरा कच्चा बांधला होता अशी माफी लिहून दे, ते तक्रार मागे घेतात. म्हणाला, "लिही रे दोन ओळी. ससेच तर आहेत. आणि साहेबांनी दुपारी नवे दोन आणलेसुद्धा, पोरगी रडत होती म्हणून." मी विचारले, कुठे ठेवलेत? तो म्हणाला, कुठे म्हणजे, त्याच पिंजऱ्यात.

यावर मी बाकावरून उठलो व ओरडलो. हवालदारसाहेबांनी मला खाली बसवले. ओरडल्याबद्दल त्यांची माफी मागतो. त्यांची मागतो, बाकी कोणाची नाही. पिंजरा कच्चा होता असे मी लिहून देणार नाही. माझ्या हातचे एकही वेल्डिंग सुटलेले नाही. सुटले आहे ते त्यांनी स्वतः कापले.

भोक अजून तसेच आहे. मातीने बुजवले असेल तर नसल्यासारखेच, भुसभुशीत माती उकरायला अजून सोपी. ज्या कोल्ह्याला एकदा मिळाले तो दुसऱ्या संध्याकाळी त्याच वाटेने येतो. हे सांगायला शाळा लागत नाही. मालकांना जिवंत ससाही आजच परत हवा आहे. जाळी ठोकलेली माझ्या डोळ्यांनी पाहीपर्यंत मी तो देणार नाही. त्याला चोरी म्हणायचे तर म्हणावे. माझ्यासोबत एक शिपाई द्यावा, बेडी घालून न्यावे, एक हात मोकळा ठेवला तरी मी ठोकीन. मला न्यायचे नसेल तर दुसऱ्या कोणालाही न्यावे, हुक माझ्या पिशवीत आहेत आणि पिशवी तुमच्या टेबलाखाली आहे. मला काय कलम लावायचे ते सावकाश लावा, जाळी आधी लावा.

वरील जबाब मला वाचून दाखवला. मी स्वतःही ओळीवर बोट ठेवून वाचला, त्याला वेळ लागला. मी बोललो तसाच आहे, कोणी धाक घातला नाही. सहीखाली वेळ लिहावी, अशी विनंती केली, ती मान्य झाली. वेळ चार वाजून दहा मिनिटे. अंधार पडायला अडीच तास आहेत.